एक मुद्रा, अनेक धनी



जुन्या तबकड्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जपलेल्या असतील. कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ ही अक्षरे पाहिली, की माल अस्सल, असे आपण समजत आलो. परंतु या कुत्र्याचा धनी नेमका कोण? आज आम्ही तेवढेच पाहणार आहो.

फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराचे हे चित्र. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने ते १८९९ साली शंभर पौंडांना घेतले. अट अशी, की चित्रातले नळकांड्याचे यंत्र पुसून तेथे कंपनीचे यंत्र रंगवावे. पुढल्याच वर्षी एमिल बर्लिनर यांनी अमेरिकेत त्याची नोंदणी केली आणि तो हक्क १९०१ साली निघालेल्या व्हिक्टर कंपनीकडे गेला. दोन्ही कंपन्या तेव्हा सोयऱ्या होत्या. त्यांनी मुलूख वाटून घेतले : अमेरिका, चीन, जपान व्हिक्टरला, युरोप आणि हिंदुस्थान ग्रामोफोन कंपनीला. म्हणून आपल्याकडच्या तबकड्या तिच्या डमडमच्या कारखान्यातून येत.

पुढे सोयरीक तुटली. वाटणी मात्र राहिली. व्हिक्टर १९२९ साली आर. सी. ए.कडे गेली. ग्रामोफोन कंपनी १९३१ साली ई. एम. आय.मध्ये सामील झाली. जपानची व्हिक्टर तिसऱ्याच मालकांच्या हाती गेली. एक कुत्रा तीन घरांची राखण करू लागला! ई. एम. आय.ला तर अमेरिकेत आपल्याच घरचे चित्र वापरता येईना. १९५३ साली तिने तेथे ‘एंजल’ हे नाव घेतले.

कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. व्यापारचिन्हाचा हक्क त्या त्या देशापुरता असतो. एका पेठेत एकच धनी असला, म्हणजे गिऱ्हाईक फसत नाही, असा त्यामागचा विचार आहे. पण माणसे देश ओलांडतात आणि मनातला विश्वास बरोबर नेतात. अडचण तेथे येते.

गाण्यात घोटाळा झाला, तर फार तर हिरमोड होईल. औषधाचे काय? जर्मनीच्या बायर कंपनीने १८९९ साली अ‍ॅस्पिरिन बाजारात आणले. पहिल्या महायुद्धात तिची अमेरिकेतली मालमत्ता जप्त झाली आणि १९१८ साली स्टर्लिंग कंपनीने ती लिलावात सुमारे ५३ लाख डॉलरांना घेतली. त्या मालमत्तेत बायर हे नाव होते आणि क्रूसासारखी मांडलेल्या अक्षरांची मुद्राही होती. तेव्हापासून अमेरिकेत ज्या अ‍ॅस्पिरिनवर बायरचे नाव, ते जर्मनीच्या बायरचे नव्हे! मूळ कंपनीला तेथे आपले नाव पुरतेपणी परत मिळाले ते १९९४ साली, स्टर्लिंगचा उत्तर अमेरिकेतला घरगुती औषधांचा धंदा शंभर कोटी डॉलरांना विकत घेतल्यावर.

श्रोतेहो, मुद्रा हे वचन आहे. वचन देणारा बदलला, तरी मुद्रा बदलत नाही. ती बोलून दाखवीतही नाही. स्टर्लिंगचा माल वाईट होता, असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे इतकेच, की तक्रार कोणाच्या दारी न्यायची, हे चित्र सांगत नाही. ते वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत असते : बनविणाऱ्याचे नाव आणि पत्ता. दागिना घेताना आपण सोनाराची चौकशी करतो. औषधाची पुडी घेताना तेवढी तरी तसदी घ्यावी, एवढीच आपणांस विनंती.