फातिमा शेख यांच्याविषयी एक वाक्य लिहिताना
(नव्याने विकिपीडियावर लिहू लागलेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय आहे ‘विश्वासार्ह स्रोत’. त्याचे नियम मराठी विकिपीडियावर लिहिलेले आहेत, ते इथे वाचून दाखवत नाही. मी एकाच नावावर बोलणार आहे, फातिमा शेख. आपल्यातलं कोणीही नव्याने लिहायला बसलं की पहिल्यांदा हेच नाव शोधतं, आणि पहिली ठेच बहुधा इथेच लागते.

कॉलेजात शिकणारी एक मुलगी माझ्याकडे आली. तिने धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर, एक वाक्य लिहिलं होतं : ‘फातिमा शेख (जन्म ९ जानेवारी १८३१) या भारतातील पहिल्या मुस्लिम शिक्षिका व थोर समाजसुधारक होत.’ मी म्हटलं, संदर्भ? ती जरा चिडलीच. “आपा, सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीला पुरावा कशाला? बाकीच्यांना मागतात का?”

प्रश्न खोटा नाही. आपल्या माणसांबद्दल लिहिताना पुरावा मागितला की तो संशयच वाटतो, आणि कधीकधी तो असतोही. पण मी तिला म्हटलं, मागणाऱ्याची नियत नंतर बघू, आधी वाक्य बघू. या एका वाक्यात चार दावे आहेत. जन्मतारीख, ‘शिक्षिका’, ‘पहिल्या’ आणि ‘थोर’. प्रत्येकाला वेगळा आधार लागतो.

जन्मतारखेसाठी तिने एका मोठ्या वर्तमानपत्राची बातमी आणली. ती बातमी गूगलने ९ जानेवारी २०२२ रोजी फातिमा शेख यांच्यावर डूडल केलं त्या दिवसाची. वर्तमानपत्र चांगलं, बातमीही खरी. पण ती कशाचा पुरावा आहे? त्या दिवशी डूडल झालं याचा. १८३१ साली कोणाचा जन्म झाला हे बातमीदाराला कुठून कळलं, ते बातमीत नाही. त्याने ते इंटरनेटवरूनच उचललं असण्याची शक्यता मोठी. मग आपण विकिपीडियावर लिहायचं, बातमीदाराने ते उचलायचं आणि आपण पुन्हा त्याची बातमी संदर्भ म्हणून जोडायची. पुरावा वाढला असं वाटतं, असतं मात्र एकच वाक्य, गोल फिरणारं.

नवीन माणूस नेहमी विचारतो, ‘हा स्रोत चालेल का?’ त्याला उलट विचारा : कुठल्या वाक्यासाठी? एकच स्रोत एका ओळीला चालतो, पुढच्या ओळीला चालत नाही.

मग आम्ही पुस्तक काढलं. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली काढलेलं. त्यात सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आहे. सावित्रीबाई तेव्हा आजारपणामुळे माहेरी होत्या. पुण्यात आपल्यामागे फातिमाला त्रास होत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे. मुलीने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, “एवढंच?”

हो, एवढंच. पण एवढं पक्कं आहे. सावित्रीबाईंच्या मागे कामाचा भार उचलणारी, कुरकुर न करणारी एक बाई त्यात दिसते. मला तरी ‘थोर’ या विशेषणापेक्षा ती जास्त जिवंत वाटते.

इथे आणखी एक बारकावा आहे. पत्रात नुसतं ‘फातिमा’ आहे, आडनाव नाही. ही फातिमा म्हणजेच फातिमा शेख, आणि ती शाळेत शिकवत होती, हे आपण स्वतः जोडायचं नाही. ज्या अभ्यासकाने ते छापील पुस्तकात मांडलं आहे त्याचं नाव घेऊन, त्याच्या पुस्तकाचं पान देऊन लिहायचं. ‘पहिल्या’ हा शब्दही तसाच. कोणी म्हटलं असेल तर ‘अमुक यांच्या मते’. आणि ‘थोर’ काढून टाकायचं, तो वाचकाचा निर्णय.

हे सगळं कीस काढणं वाटेल. पण २०२५च्या जानेवारीत एका पत्रकाराने जाहीर केलं की फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं. तेव्हा उपयोगी काय पडलं? डूडल नाही, जयंतीच्या पोस्ट तर नाहीतच. १९८८ साली छापलेलं पुस्तक उपयोगी पडलं, कारण ते या सगळ्या गोंगाटाच्या कितीतरी आधीचं आहे. आणि आपली अडचण कशाने झाली? आपणच हौसेने चिकटवलेल्या तारखांनी आणि बिरुदांनी. त्यातली एक सैल निघाली की समोरचा म्हणतो, बाकीचंही तसंच.

आता आपल्या चळवळीबद्दल थोडं. हमीद दलवाईंचा १८ एप्रिल १९६६चा मोर्चा किंवा २२ मार्च १९७० रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना, यावर लिहिताना आपल्याच मासिकाचा संदर्भ द्यायचा मोह होतो. आपली भूमिका काय होती हे सांगायला तो चालेल. आपण किती मोठं काम केलं हे सांगायला चालणार नाही, त्याला बाहेरचा माणूस लागतो. मेहरुन्निसा दलवाईंचं ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मचरित्र जरूर वापरा, पण ‘त्यांनी लिहिलं आहे’ असं म्हणून.

आणि ज्या गोष्टी फक्त आजीच्या तोंडी आहेत? त्या थेट विकिपीडियावर टाकू नका. तिथे त्या टिकणार नाहीत, आणि आजीला कोणीतरी खोटं पाडल्यासारखं वाटेल. आधी नीट टिपून घ्या, तारीख-गाव लिहा, संपादक असलेल्या नियतकालिकात किंवा पुस्तकात छापून आणा. उद्या दुसरं कोणी त्याचा आधार घेईल.

त्या मुलीचं वाक्य शेवटी असं झालं : ‘सावित्रीबाई फुले यांच्या १८५६ मधील एका पत्रात फातिमा या सहकारी स्त्रीचा उल्लेख आहे.’ पुढे पुस्तक, संपादक, प्रकाशक, वर्ष, पान.

आता मोबाइल काढा आणि आपापली धूळपाटी उघडा. मागच्या टेबलावर पुस्तकांच्या प्रती ठेवल्या आहेत. एकेक दावा निवडा, पान क्रमांक सापडल्याशिवाय वाक्य लिहू नका. अडलं तर मला हाक मारा, मी इथेच फिरते आहे.