धावपट्टीचा आंकडा आणि होकायंत्र

वेंगुर्ले तालुक्यांत चिपीच्या सड्यावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं सिंधुदुर्ग विमानतळाचें उद्घाटन झालें. तेथील अडीच हजार मीटर लांबीच्या धावपट्टीच्या पश्चिम टोकास ०९ आणि पूर्व टोकास २७ असे आंकडे रंगविलेले आहेत. ते अनुक्रमांक असावेत, असा समज होणें स्वाभाविक आहे. वस्तुतः त्या दिशा आहेत. उत्तरेपासून उजवीकडे मोजलेले अंश जवळच्या दशकांत धरून शेवटचें शून्य गाळलें, कीं हा आंकडा उरतो. समुद्रावरून येणारें विमान पूर्वेकडे, म्हणजे सुमारें ९० अंशांवर तोंड करून उतरतें. त्यास ०९ दिसतो. पावसाळी वारा पश्चिमेचा, आणि विमान तर वाऱ्यास सामोरें उतरवावयाचें! मग तेंच वळसा घेऊन २७ वर येतें.

ही उत्तर मात्र होकायंत्राची, ध्रुवताऱ्याची नव्हे. आणि ती सरकत असते. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडचा ०५ हा आंकडा त्यापायींच २००९ सालीं ०४ झाला. असलें सरकणें कोंकणांतही मोजलें जातें. मुंबईंतील विजेच्या ट्रामगाड्यांमुळें कुलाब्याचे चुंबकीय वेध बिघडतील, म्हणून १९०४ सालीं अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली.

परंतु नुसती दिशा जुळून भागत नाहीं. २४ सप्टेंबर १९७२ रोजीं जपान एअरलाइन्सचें एक डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजीं जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलें आणि तिच्या टोकाबाहेर गेलें. कोणी दगावलें नाहीं, हें नशीबच म्हणावयाचें. सांताक्रूझची धावपट्टी ०९, जुहूची ०८. फरक सुमारें दहा अंशांचा, आणि आडव्या वाऱ्यांत वैमानिक कधीं कधीं विमानाचें नाक तितकें वळवूनच धरतो.

मालवणच्या तांडेलास यांत नवल वाटणार नाहीं. होकायंत्र दिशा सांगतें, होडी कोणत्या रेषेवर आहे हें सांगत नाहीं. म्हणून खडक चुकवून बंदरांत शिरतांना किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकामागें एक धरावयाच्या. त्या फांकल्या, कीं रेषा सुटली. ढगांत वैमानिकास खुणा कोठून दिसणार? तें काम रेडिओ करतो. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाशीं उभा असलेला प्रक्षेपक मध्यरेषेच्या दोन बाजूंस दोन निरनिराळ्या स्वरांच्या लहरी सोडतो. दोन्ही समान मिळाल्या, कीं विमान रेषेवर. एक वरचढ झाली, कीं वैमानिकापुढील कांटा कलतो.

कांट्यास रेषा कळते, गांव कळत नाहीं. याकरितां प्रत्येक प्रक्षेपक आपलीं ओळखाक्षरें मोर्सच्या टिंबरेघांत पुन्हा पुन्हा पाठवीत असतो, आणि तीं नकाशावरील अक्षरांशीं ताडून पाहिल्यावरच वैमानिकानें कांट्यावर विसंबावयाचें असतें.