खाशाबा जाधव : मातींतून गादीवर

१९५२ सालच्या जुलै महिन्यांत फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथें सत्तावन किलो वजनाच्या गटांतील कुस्त्या संपल्या, तेव्हां तीन मल्लांस पदकें मिळालीं. सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीई यास, रौप्यपदक सोव्हिएट संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यास, आणि कांस्यपदक सातारा जिल्ह्यांतील गोळेश्वर गांवच्या खाशाबा दादासाहेब जाधव यांस. यांतील इशीई मूळचा ज्यूदोचा खेळाडू. महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या अमलांत जपानमध्यें ज्यूदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला, आणि त्या वर्षीं जपानला मिळालेलें एकुलतें एक सुवर्णपदक त्यानें जिंकलें. खाशाबाहि एका परीनें परक्या विद्येच्याच दारांत उभे होते. त्यांची विद्या तांबड्या मातीची. आणि हेलसिंकीस माती नव्हती, गादी होती.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पांच भावांत खाशाबा धाकटे. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्यें व पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत झालें. देह ठेंगणा, प्रथम पाहणारास हा पैलवान वाटूं नये. परंतु ‘ढाक’ या डावावर त्यांचा हात विलक्षण बसला होता. प्रतिपक्ष्याची मान बगलेंत धरावयाची, कंबर वळवावयाची, आणि त्याचाच भार त्याच्या अंगावर उलटवून त्याला जमिनीवर आणावयाचें. ज्यूदोचें मर्म जाणणारास यांत ओळखीचें कांहीं दिसेल. दुसऱ्याचा तोल हेंच तेथेंहि मुख्य हत्यार होय.

पण डाव ठाऊक असणें निराळें आणि तो गादीवर साधणें निराळें. तालमींतील माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली. तींत पाय रुततो आणि अंगठ्यानें जमीन धरतां येते. आपल्याकडच्या फडांत कुस्ती चीतपट होईपर्यंत चालावयाची. गुणांचा हिशेब प्रेक्षकांस ठाऊकच नसे. गादीवर मात्र मिनिटें मोजलेलीं, गुण मोजलेले, आणि कडेची रेघ ओलांडली कीं पंचाची शिटी! १९४८ सालीं लंडन येथें खाशाबा प्रथम गेले. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनीं उचलला होता. रीस गार्डनर या अमेरिकन शिक्षकानें तेथें त्यांना गादीचे नियम शिकविले, आणि त्या अल्प शिदोरीवर त्यांनीं सर्वांत हलक्या वजनाच्या गटांत सहावें स्थान मिळविलें. (त्या दिवसांत आपलें छत्रपति संभाजीनगर, म्हणजे तेव्हांचें औरंगाबाद, निजामी अमलाखालीं होतें, येथल्या घरांतून त्या वेळीं चिंता होती ती रझाकारांची, लंडनच्या कुस्त्यांची नव्हे.)

पुढचीं चार वर्षें त्यांनीं गादीच्या अभ्यासांत घालविलीं आणि ते वरच्या वजनाच्या गटांत गेले. हेलसिंकीच्या निवडीच्या वेळीं आपणांस अन्यायानें वगळलें, अशी त्यांची तक्रार होती. ती त्यांनीं पतियाळाच्या महाराजांच्या कानीं घातली. निरंजन दास यांच्याशीं पुन्हा जोड लागली, आणि खाशाबांनीं ती जिंकली. निवड झाली, पण पैसा नव्हता. सरकारी मदत तोकडी पडली. गोळेश्वरच्या गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली, तीहि पुरेना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर सात हजार रुपयांस गहाण टाकलें.

या गोष्टीपाशीं क्षणभर थांबावें. शिक्षकाचें घर म्हणजे त्याची आयुष्याची पुंजी. तें एका विद्यार्थ्याच्या प्रवासासाठीं सावकाराच्या हवालीं करणें, आणि तेंहि पदकाची कसलीहि शाश्वती नसतां, हें औदार्य म्हणावें तर त्याहून मोठें आहे. खरें पाहतां हा भार देशानें उचलावयाचा होता.

हेलसिंकीस खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस हरविलें. नंतर इशीईशीं गांठ पडली. ती कुस्ती पुरा वेळ चालली आणि खाशाबा थोडक्यांत हरले. दोन कुस्त्यांच्या मध्यें अर्ध्या तासाची विश्रांति द्यावी असा नियम होता. पण त्यांना जवळजवळ लागलीच मामेदबेकोव्हपुढें उभें करण्यांत आलें, आणि हरकत घेण्यास भारतीय पथकाचा एकहि अधिकारी तेथें हजर नव्हता, असें सांगतात. थकल्या अंगानें ती कुस्तीहि गेली. तरी २३ जुलै रोजीं कांस्यपदक त्यांच्या हातीं आलें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें एकट्याच्या बळावर मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. दुसऱ्याच दिवशीं हॉकीच्या संघानें सुवर्णपदक जिंकलें, आणि देशाचा बहुतेक आनंद तिकडे वाहून गेला. तसलें दुसरें वैयक्तिक पदक भारतास मिळावयास १९९६ साल उजाडावें लागलें. तें टेनिसपटु लिअँडर पेस यांचें.

कऱ्हाडास मात्र आनंद आंवरला नाहीं. शंभरांवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनीं जें केलें तें अधिक सांगण्यासारखें आहे. त्यांनीं कोल्हापुरांत कुस्त्यांचा फड भरविला, स्वतः त्यांत उतरले, आणि मिळालेल्या पैशांतून खर्डीकरांचें घर सोडवून दिलें.

१९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार झाले. पुढल्या वर्षीं मेलबर्नची संधि गुडघ्याच्या दुखापतीनें हुकली. नोकरी सत्तावीस वर्षांची. सहायक पोलीस आयुक्त हें पद लाभलें तें निवृत्तीच्या उंबरठ्यावर. निवृत्तिवेतनासाठींहि त्यांना खेटे घालावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार २००० सालचा, मृत्यूनंतरचा. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलांतील कुस्तीच्या आखाड्यास त्यांचें नांव आहे, आणि २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडादिन ठरविला. गोळेश्वर येथें त्यांचें घर आहे. त्या घराचें नांव ‘ऑलिंपिक निवास’.