दुखत नाहीं म्हणून दडवूं नका
(महोत्सवानिमित्त मांजर्ली येथें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या आनंदांत स्तनाच्या कर्करोगाचा विषय कोणास अप्रशस्त वाटेल. तथापि ज्या मातांच्या कष्टांवर आमच्या मांजर्लीचीं घरें उभीं आहेत, त्यांच्या जीविताचा प्रश्न असतां मौन धरणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. रोग्यांच्या खाटेशीं बसतांना एकच उद्गार आम्हीं वारंवार ऐकिला: "गांठ दुखत नव्हती, म्हणून सांगितलें नाहीं." येथेंच फसगत होते, आरंभीं ही गांठ बहुधा दुखतच नाहीं.

यास्तव लक्षणें ओळखावीं. स्तनांत वा काखेंत नवी गांठ येणें, आकार बदलणें, कातडीस खळी पडणें किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणें, बोंड आंत ओढलें जाणें, त्यांतून रक्त येणें, तेथील व्रण न भरणें, यांपैकीं कांहींही दिसतांच डॉक्टरांस दाखवावें. बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात. परंतु तें घरबसल्या ठरत नाहीं. त्यासाठीं मॅमोग्राफी वा सोनोग्राफी आणि सुईनें काढलेल्या तुकड्याची तपासणी लागते. सुई लाविल्यानें रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे.

रोग लवकर सांपडल्यास पुष्कळदां सबंध स्तन काढावा लागत नाहीं. गांठ काढून किरणोपचार देतात. गरजेप्रमाणें केमोथेरपी व गोळ्याही असतात.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. पुढें सर दोराबजी टाटा ट्रस्टनें परळास टाटा मेमोरियल रुग्णालय उभारलें. तें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. याच रुग्णालयानें १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकीं निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या सेविका दर दोन वर्षांनीं हातानें स्तन तपासीत. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, अशा तपासणीनें पन्नाशीवरील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं घटले. म्हणजे जाणत्या हातांची साधी तपासणीही प्राण वांचवूं शकते.

हा रोग सर्वथा टाळतां येत नाहीं. तथापि मद्य वर्ज्य करणें, वजन आटोक्यांत ठेवणें, अंगमेहनत करणें व बाळास अंगावर पाजणें यांनीं धोका कमी होतो. जिच्या आईस वा बहिणीस हा रोग झाला असेल, तिनें तें डॉक्टरांस आधींच सांगावें.

बंधूंनो, हा रोग स्पर्शानें होत नाहीं. क्वचित् पुरुषांसही होतो. पत्नीनें गांठ सांगितली तर "पुढें पाहूं" म्हणूं नका. खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. तींत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. प्रार्थना अवश्य करावी, परंतु तिच्यासाठीं तपासणी लांबवूं नये. वैद्याचें ज्ञानही परमेश्वराचेंच दान होय.

स्तनाच्या रोग्यांची आश्रयदात्री संत अगाथा. तिचा सण ५ फेब्रुवारीस येतो. त्या दिवशीं प्रत्येक घरांतील मुलीनें आपल्या आईस एवढेंच विचारावें: "आई, तपासणी केलीस काय?" परमेश्वर आपणां सर्वांस आरोग्य देवो.