निराधार मूल आणि भरले घर
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



आपल्या धर्मग्रामास पंचवीस वर्षे पूर्ण झाली, याबद्दल आपण आताच मिस्साबलिदानात परमेश्वराचे आभार मानले. महोत्सव म्हटला की निधी आला, आणि निधी आला की त्याचे काय करावे हा वाद आला. तो आमच्या कानी आहे. पुष्कळांचे म्हणणे असे की, या पैशातून माहुरास निराधार मुलांकरिता एक वसतिगृह बांधावे. हेतू थोर आहे. तथापि आमचे मत निराळे आहे, व ते आज उघड सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

दसरा उलटला की या डोंगराळ मुलखातील कित्येक तांडे व वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीस जातात. मागे म्हातारी माणसे व शाळकरी मुले उरतात. कोठे बापाने कर्जापायी जीव दिलेला, कोठे आई दुखण्याने गेलेली. मग एखादी आजी दोन नातवंडांस घेऊन आमच्या दारी येते व म्हणते, "फादर, ह्या लेकरांना बोर्डिंगात ठेवून घ्या." आम्ही तिला बसवून विचारतो, "आजी, ही तुम्हांला जड झाली काय?" उत्तर बहुधा एकच येते: लेकरे जड नाहीत, त्यांचे खाणे व वह्यापुस्तके जड आहेत. म्हणजे त्या मुलांस घर आहे, माया आहे. उणे आहे ते धान्य व चार पैसे. उणे पैशाचे असता आपण त्यांची आजीच दूर करावी, हा कोठला न्याय?

मोशेची कथा आपण सर्व जाणता. फारोच्या कन्येस लव्हाळ्यात मूल सापडले. राजवाड्यात दायांस काय तोटा होता? परंतु बहिणीच्या चातुर्याने ते मूल आपल्याच आईच्या मांडीवर परत गेले, आणि राजकन्येने त्या आईस वेतन देऊ केले. मूल वाचले, आईही वाचली, आणि राजवाड्याचा पैसा योग्य जागी खर्च झाला. आपला निधी असाच खर्च व्हावा अशी आमची इच्छा आहे.

वसतिगृहांची आम्ही निंदा करीत नाही. ती केली तर मोठी कृतघ्नता होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे गाडली गेली, तेव्हा भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांस पुण्यास नेऊन शिकविले. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गास "आपलं घर" उभारले. लातुरास एसओएस बालग्राम झाले. तेथे एका घरात एक आई व तिच्याभोवती काही मुले अशी रचना असते. पाहा, ज्यांनी संस्था काढल्या त्यांसही नाव घराचेच द्यावे लागले व आई शोधावी लागली. ज्याचे कोणीच उरले नाही त्यास संस्था हवीच. ज्याची आजी जिवंत आहे त्यास ती शेवटचा उपाय म्हणूनच हवी. २०१५ चा बाल न्याय अधिनियमही हेच तत्त्व सांगतो.

शासनाची बालसंगोपन योजना याच हेतूने आहे. अनाथ, एक पालक गेलेल्या वा संकटात सापडलेल्या कुटुंबातील अठरा वर्षांखालील मुलांस तीतून साहाय्य मिळते. २०२३ पासून ती रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. पण मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला व बँकेचे पुस्तक हे सारे गोळा करून शंभराहून अधिक किलोमीटरवरील नांदेडास खेटे घालणे त्या म्हातारीच्या शक्तीबाहेरचे आहे. एका खेट्यात तिची दोन दिवसांची मजुरी बुडते.

आता, ज्या मुलास जवळचे कोणीच नाही त्याच्याकरिता प्रतिपालकत्व आहे. हे दत्तक नव्हे. बालकल्याण समितीच्या आज्ञेने मूल काही काळ परक्या कुटुंबात राहते. आपल्यास यात नवल वाटू नये, कारण संत योसेफ हा पाळक पिताच होता. त्याने बाळाचे नाव ठेवले, रातोरात त्यास घेऊन मिसर देश गाठला, पुढे सुतारकी शिकविली. आणि मूल आपले नव्हे हे तो कधी विसरला नाही. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० पासून एक वर्ष या संताच्या नावे पाळावयास लाविले, तेव्हा आपणही नोव्हेना केल्या होत्या. पुढे काय झाले, हे प्रत्येक कुटुंबाने आपणांस विचारावे.

एक गोष्ट कठोरपणे सांगतो. घरी आणलेले मूल शेळ्यांमागे वा भांड्यांपाशी जुंपले जाणार असेल, तर ते न आणलेलेच बरे. तसेच तांड्यावरचे मूल आपल्या ताटात जेवले म्हणून त्याचे नाव व त्याच्या आईबापांची रीत आपली होत नाही. माहूरगडावर लोक आईच्या नावाने चढतात. त्या गडाच्या पायथ्याशी राहून कोणाच्या मुलास त्याची आई विसरावयास लावणे आम्हांस शोभणार नाही.

यास्तव आमची सूचना अशी: निधीचे व्याज प्रवासभाडे, दाखले व धान्य यांवर खर्च व्हावे, आणि लिहितेवाचते चार तरुण अर्ज भरण्यास पुढे यावे. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर मतदान आहे. प्रतिपालकत्वास तयार असलेल्या पतिपत्नींनी मात्र मतदानाची वाट न पाहता, दोघांनी मिळून, आमच्याकडे येऊन बोलावे.