फ्रेंच क्रियापदाचे मुके प्रत्यय



इ. स. १६७२ मध्यें मोलिएर या फ्रेंच नाटककाराचें एक प्रहसन पॅरिसच्या रंगभूमीवर आलें. त्याच्या नांवाचा अर्थ मराठींत 'विदुषी स्त्रिया' असा होईल. त्यांत मार्तीन नांवाची एक स्वयंपाकीण आहे. तिनें चोरी केलेली नाहीं, कीं एखादें मोलाचें भांडें फोडलेलें नाहीं. तरीहि तिची मालकीण तिला घरांतून घालवून देते. अपराध एवढाच कीं, तिच्या बोलण्यानें व्याकरणाचा अपमान होतो! १६४७ सालीं वोजला या पंडितानें शिष्टांची भाषा कशी असावी याविषयीं ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्याच्या नांवाचा धाक त्या स्वयंपाकिणीला घातला जातो. आणि ती बिचारी त्याच प्रवेशांत 'मी' या सर्वनामापुढें 'आम्ही'चा प्रत्यय लावून आगींत तेल ओतते. मोलिएरनें थट्टा केली ती विदुषींची. पण ज्या प्रत्ययांवरून घरांत एवढा गहजब व्हावा, ते प्रत्यय आहेत तरी कसे, हें पाहण्याजोगें आहे.

फ्रेंचमधील दहांपैकीं सुमारें नऊ क्रियापदें एकाच वर्गांत मोडतात. त्यांच्या मूळ रूपाच्या शेवटीं 'ई' व 'आर' हीं दोन रोमन अक्षरें असतात. 'बोलणें' या अर्थाचें 'पार्ले' हें त्यांतलेंच. हीं दोन अक्षरें काढलीं म्हणजे उरतो तो धातु, आणि वर्तमानकाळांत त्याला सहा प्रत्यय लागतात. एकवचनीं 'मी'ला 'ई', 'तूं'ला 'ई-एस', 'तो' किंवा 'ती' यांना पुन्हां 'ई'. अनेकवचनीं 'आम्ही'ला 'ओ-एन-एस', 'तुम्ही'ला 'ई-झेड' आणि 'ते' किंवा 'त्या' यांना 'ई-एन-टी'. हें कोष्टक पाठ करावयास एक घटका पुरते. 'शांते' म्हणजे गाणें, 'एकूते' म्हणजे ऐकणें, 'त्राव्हाये' म्हणजे काम करणें. एक चालवितां आलें कीं हजारों चालवितां येतात. टेलिफोन आला तेव्हां 'टेलिफोन करणें' हें नवें क्रियापद याच वर्गांत दाखल झालें. 'आले', म्हणजे जाणें, हें मात्र शेवटीं 'ई-आर' असूनहि या शिस्तींत बसत नाहीं.

येथवर सर्व सोपें आहे. अडचण उभी राहते ती कोष्टक मोठ्यानें म्हणूं लागल्यावर. श्रोत्यांनीं एकदां म्हणून पाहावें: झ्य पार्ल, त्यू पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. सहापैकीं चार ठिकाणीं कानाला एकच 'पार्ल' ऐकूं येतें. डोळ्यांना रूपें दिसतात पांच. कानाला मिळतात तीन. 'ई-एस' मधील 'एस' मुका आहे. 'ई-एन-टी' हीं तर तिन्ही अक्षरें मुकीं. 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' हीं दोन वाक्यें सर्वनामासकट अगदीं एकसारखीं उच्चारलीं जातात.

यामुळें दोन प्रकारचे विद्यार्थी दोन प्रकारें फसतात. केवळ छापील कोष्टकावरून शिकलेला पुण्या-मुंबईचा विद्यार्थी शेवटचीं अक्षरें इमानानें उच्चारून 'पार्लेंट' म्हणतो, आणि ऐकणाऱ्या फ्रेंच मनुष्याला अर्थबोध होत नाहीं. उलट, आईच्या मांडीवर भाषा शिकलेलें फ्रेंच मूल बोलण्यांत चुकत नाहीं, पण श्रुतलेखनाच्या तासाला अडखळतें. 'पार्ल' ऐकल्याबरोबर तें लिहितां येत नाहीं. कर्ता कोण, एक कीं अनेक, हें आधीं शोधावें लागतें. एकाला डोळा दगा देतो, दुसऱ्याला कान.

हे प्रत्यय नेहमींच मुके नव्हते. फ्रेंचची जननी लॅटिन. तिच्यांत 'गाणें' या क्रियापदाचीं रूपें कन्तो, कन्तास्, कन्तत्, कन्तामुस्, कन्तातिस्, कन्तन्त् अशीं होतात. ज्यांनीं संस्कृत 'गायति' व 'गायन्ति' घोकलें आहे त्यांना 'कन्तत्' व 'कन्तन्त्' यांची सोयरीक सांगावयास नको. सहाहि रूपें निराळीं ऐकूं येत असल्यामुळें लॅटिनमध्यें सर्वनामाची गरज नसे. पुढें शतकानुशतकें लोकांच्या तोंडीं शब्दांचीं शेवटें झिजत गेलीं. मध्ययुगीन फ्रेंचमध्यें यांपैकीं कांहीं ध्वनि अजून ऐकूं येत. मागाहून तेहि लोपले. गाण्यांत आणि जुन्या वळणाच्या काव्यवाचनांत शेवटचा 'ई' अजून कोठें कोठें किंचित् ऐकूं येतो, एवढीच त्याची खूण राहिली आहे. मात्र प्रत्यय मुके झाले म्हणून अर्थ मुका झाला नाहीं. जें सर्वनाम पूर्वीं इच्छेवर होतें तें आतां अवश्य झालें. प्रत्ययानें टाकलेलें ओझें त्यानें उचललें.

मराठीशीं ताडून पाहिलें म्हणजे हा फरक चांगला ध्यानांत येतो. नुसतें 'बोलतोस' म्हटलें तरी समोर एक पुरुष आहे आणि त्याला एकेरीनें संबोधिलें आहे, हें कळतें; 'बोलतेस' म्हणतांच ती स्त्री ठरते. फ्रेंच 'पार्ल' एकटें उच्चारलें तर कोण बोलतें याचा पत्ता लागत नाहीं, आणि स्त्री-पुरुष भेद तर लेखनांतहि नाहीं. असें असलें तरी लिहिलेली पण न ऐकूं येणारी खूण मराठीला अपरिचित नाहीं. 'मी बोलतों' यांतील अनुस्वार 'तो बोलतो' याहून रूप निराळें दाखवी. उच्चार मात्र बहुतेकांच्या तोंडीं एकच. १९६२ च्या लेखननियमांनीं असे अनुच्चारित अनुस्वार काढले. जुन्या वळणाच्या लेखनांत ते अजून भेटतात. फ्रान्समध्यें १९९० सालीं शुद्धलेखनांत कांहीं सुधारणा सुचविल्या गेल्या, पण या मुक्या प्रत्ययांना हात लागला नाहीं. वाचकाला एकवचन-अनेकवचन डोळ्यांनीं ताबडतोब उमगतें, हा त्यांचा उपयोग अजून शिल्लक आहे.

झीज अद्याप थांबलेली नाहीं. रोजच्या बोलण्यांत फ्रेंच लोक 'आम्ही'साठीं 'नू पार्लों' न म्हणतां पुष्कळदां 'ओं पार्ल' म्हणतात; म्हणजे तेथेंहि पुन्हां तेंच 'पार्ल'! मॉरिशसमध्यें याच्याहि पुढचा टप्पा दिसतो. एकोणिसाव्या शतकांत तेथें गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज इतर रहिवाशांप्रमाणें जी क्रिओल भाषा बोलतात, तिचे बहुतेक शब्द मूळ फ्रेंच आहेत. पण तिच्यांत क्रियापदाला पुरुषाचे प्रत्ययच लागत नाहींत. सगळा भार सर्वनामावर.

तेव्हां शिकणारानें काय करावें? पहिली गोष्ट, क्रियापद कधींहि एकटें पाठ करूं नये. सर्वनामासकट, मोठ्यानें म्हणावें. दुसरी, म्हणून झाल्यावर तेंच पुस्तक न पाहतां लिहावें. तिसरी, स्वरानें आरंभ होणारें एक क्रियापद जोडीला घ्यावें. 'एमे' म्हणजे प्रेम करणें. 'तो प्रेम करतो' हें 'इल एम', पण 'ते प्रेम करतात' हें 'इल-झ एम'. येथें सर्वनामाच्या शेवटचा एरवीं मुका असलेला 'एस' पुढचा स्वर पाहून 'झ' असा बोलूं लागतो, आणि अनेकवचन कानाला कळतें. ज्याला हा एवढासा 'झ' ऐकूं येऊं लागला, त्यानें पुढच्या पाठाचें पान खुशाल उलटावें.