स्थावर निराळे, जंगम निराळे

श्रोतेहो, कर्ज थकले, दावा झाला, हुकूमनामाही झाला. आता बेलीफ दाराशी उभा. अशा वेळी घरची माणसे ‘सगळे गेले’ म्हणून हातपाय गाळतात. परंतु १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ‘सगळे’ अशी वस्तूच नाही. नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना जप्ती लागत नाही. उरलेल्यात जंगम वस्तू प्रत्यक्ष ताब्यात घेतात. घर-जमिनीविषयी हस्तांतरणाच्या मनाईचा हुकूम निघतो व दवंडी पिटतात. गोव्यात ही संहिता १९६६ मध्ये लागू झाली.

जप्ती निराळी, तर किंमतही निराळीच हवी. भाताची गिरणी घ्या. जागा, इमारत, बोल्टांनी जखडलेले यंत्र, वजनकाटा. जाहीरनाम्यात ‘गिरणी, सामानासह’ अशी एकच ओळ व एकच आकडा पडला, की बोली बोलणारा जमिनीचा भाव करतो आणि यंत्र त्याच्या पदरात जवळजवळ फुकट पडते. यंत्र स्थावर की जंगम, हे नुसत्या बोल्टांवरून ठरत नाही. ते कशासाठी जखडले, हेही न्यायालये पाहतात. शेतातले उभे पीक मात्र या संहितेपुरते जंगमच! शेतकरी श्रोत्यांना याचे नवल वाटेल.

देणे फिटण्यास लागेल तेवढाच भाग विकावा, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये तो ठासून सांगितला. पण यंत्राची किंमत वेगळी मांडलीच नसेल, तर केवळ यंत्र विकून भागले असते हे न्यायाधीशांना कळावे कसे? १९७६ च्या दुरुस्तीनुसार न्यायालयाने स्वतःचा अंदाज देणे आवश्यक नाही; पक्षकारांनी दिलेला मात्र जाहीरनाम्यात घालावा लागतो. ऋणको नोटीस घेऊन घरी स्वस्थ बसला, तर धनकोचाच आकडा तेवढा छापला जातो. आपल्याकडे बहुधा असेच घडते, असे मला वाटते.

चूक झाल्यावरही दोहोंची वाट एक नाही. लिलावात मोठी अनियमितता किंवा लबाडी होऊन नुकसान झाले, तर स्थावराची विक्री रद्द करून मागता येते. जंगमाची विक्री अनियमिततेपायी रद्द होत नाही. भरपाईसाठी निराळा दावा लावावा लागतो. शिवाय लिलावानंतर ६० दिवसांत जाहीरनाम्यातील देणे आणि खरेदीदारासाठी बोलीच्या पाच टक्के रक्कम भरल्यास घर-जमीन सोडवता येते. विकलेल्या यंत्राला, वजनकाट्याला ही सवलत नाही.